आडवा झाडू

घड्याळ हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण बाजारगल्लीत कुणी तिला खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. सकाळी सहाला तिचा झाडू गल्लीच्या तोंडाशी लागायचा म्हणजे लागायचा. पेपरवाला तिला पाहून मनगटावरचं घड्याळ लावायचा, न्हावी तिची चाहूल लागली की शटर वर करायचा. एकदा ती सात मिनिटं उशिरा आली, तर पाववाल्या काकूने भट्टीतले पाव सात मिनिटं जास्त ठेवून करपवले आणि त्याचं खापर वर्षभर तिच्याच डोक्यावर फोडलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत तिचे खाडे बोटांवर मोजण्याइतके. आणि अशा बाईने नेमका त्या सोमवारी खाडा केला. कारण काय, तर दाढ.

चार दिवस दाढ ठणकत होती. गाल इतका सुजला होता की पेपरवाला म्हणाला, आता घड्याळाचेच बारा वाजलेत. दातांच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी नऊची वेळ दिली. आता गंमत अशी, की नगरपालिकेला रजा दोन दिवस आधी कळवावी लागते आणि दाढेला हा नियम माहीत नसतो. त्यावर झाडूवाल्यांनी आपला एक तोडगा काढलेला होता. ज्याला जायचं असेल त्याने आपला बिल्ला जोडीदाराला द्यायचा, जोडीदाराने तो लावून हजेरीला उभं राहायचं, आणि मुकादमाने नेमकं त्याच वेळी चष्मा पुसायला काढायचा. चाळीस माणसं वर्षानुवर्षं अशीच एकमेकांची लग्नं, आजारपणं आणि शाळांच्या खेपा सांभाळत आली होती.

तिचा जोडीदार म्हणजे उंट. गल्लीची उजवी बाजू तिची, डावी त्याची, आणि एकाची सुट्टी असली की दुसऱ्याने दोन्ही बाजू झाडायच्या. साडेसहा फुटांना दोन बोटं कमी असा हा बाबा. पालिकेचे झाडू साधारण माणसाच्या मापाचे, त्यामुळे तो कमरेत वाकून झाडायचा आणि घरी गेला की कण्हत बसायचा. त्याची आई शिवणकाम करायची. एक दिवस वैतागून ती म्हणाली, कपडा तोकडा पडला तर जोड देतात, झाडूला द्यायला काय झालं. मग त्याने दांड्याला हातभर काठी निळ्या दोरीने घट्ट बांधली. तेव्हापासून त्याचा झाडू गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यायचा. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिला ताई म्हणायचा आणि दिवसभर तिची टर उडवायचा. तीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"जा, काढून ये एकदाची ती दाढ," रविवारी तो म्हणाला. "उद्या माझी सुट्टीच आहे. तुझा बिल्ला मी लावतो. पण झाडणार मी माझ्याच झाडूने. तुझ्या त्या खेळण्याने माझी कंबर जाईल."

तिने सत्तेचाळीस नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. त्याचा एकतीस नंबरचा त्याच्या घरी खुंटीला राहिला.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती डॉक्टरांच्या खुर्चीत होती, तोंड उघडं, अर्धा जबडा बधिर. खिडक्यांची तावदानं थडथडली. डॉक्टर रागावून म्हणाले, हलू नका हो. ती हललेली नव्हती. हललं होतं ते शहर.

बाजाराच्या फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात कुणीतरी बाँब ठेवला होता. अकरा माणसं गेली. खरं तर बारा, पण बाराव्याला त्या आठवड्यात कुणी मोजत नव्हतं, आणि ही गोष्ट त्या बाराव्याचीच आहे.

दुपारी पोलिसांनी तिला बोलावलं. फाटकापाशी पडलेल्या उंटाच्या छातीवर सत्तेचाळीस नंबर सापडला होता, आणि सत्तेचाळीस तर ही. मुकादम तिच्यासोबत गेला. जाताना वाटेत त्याने तिच्या कानाशी एकच धोशा लावला होता: अदलाबदल बाहेर आली तर चाळीस जण घरी बसतील, मी आधी बसेन. तो बिचारा तर गेलाच, त्याला आता कशाने काय फरक पडतो. तू म्हण, बिल्ला हरवला होता. हजेरीच्या वहीत तुझ्या नावापुढे मी खाडा मांडलाय.

तोंडात कापूस, डोळ्यांत पाणी आणि बाजूला मुकादम. इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं, बिल्ला त्याच्याकडे कसा. ती म्हणाली, हरवला होता. दोनच शब्द. कापसातून ते नीट बाहेरही पडले नाहीत, पण कागदावर अगदी नीट उतरले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्या दोन शब्दांची बातमी झाली होती. चोरीचा बिल्ला लावलेला माणूस, तोही सुट्टीच्या दिवशी, बाँबच्या डब्यापाशी. स्फोटाआधी तोच ओरडत, लोकांना ढकलत फिरत होता असं वाचलेल्या माणसांनी सांगितलं होतं. मग प्रश्न सरळ होता: ह्याला आधीच कसं माहीत होतं? पोलिसांनी नुसतं विचारलं होतं. शहराने उत्तर देऊनही टाकलं. संध्याकाळपर्यंत उंटाच्या आईच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं.

शहराला दोष तरी कसा द्यावा. त्या आठवड्यात ते एखाद्या मोठ्या घरासारखं झालं होतं. रोज बाराचा भोंगा झाला की ट्राम जिथे असेल तिथे थांबायची, न्हावी कात्री खाली ठेवायचा, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही उठून उभं राहायचं. कारंज्याच्या पायऱ्यांवर फुलांचा ढीग कमरेइतका चढला. कुणाचं कोण गेलं हे न विचारता माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रडत होती. फुलांना हात लावू नका, भोवतीने झाडा, असा हुकूम होता. घड्याळ भोवतीने झाडत होती. पायऱ्यांवर अकरा फोटो होते, तिच्या झाडूला अकरांभोवती वळसा घ्यावा लागत होता. रोज तिला वाटायचं, आज जाऊन सांगते. रोज मुकादम चाळीस जणांचा आकडा डोळ्यांनीच दाखवायचा आणि ती गप्प बसायची. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेला काही दाढेसारखं उपटून टाकता येत नाही.

शनिवारी सकाळी पेपरवाल्याने गठ्ठा सोडला आणि पहिल्या पानावर तिला तो फोटो दिसला.

स्फोटानंतर लगेच कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून काढलेला. मागे धूर, एका कडेला कचऱ्याच्या ट्रकचं नाक, आणि पुढे रस्त्यात एक झाडू. खाली लिहिलं होतं: संशयिताने पळताना टाकलेला झाडू. निळी दोरी अगदी स्पष्ट दिसत होती. झाडू रस्त्याला बरोबर काटकोनात आडवा होता, आणि दांड्यावर कचरा भरायची पत्र्याची सुपडी पालथी ठेवलेली.

इथे एक सांगायला हवं, कारण ते झाडूवाल्यांखेरीज कुणाला ठाऊक नसतं. पट्टा झाडून झाला की झाडू खांबाला उलटा टेकवतात, काड्या वर. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला त्यावरून कळतं की इथलं आवरलं, ढीग उचला आणि पुढे व्हा. आणि पुढे काही घातक असेल, फुटकी काच, उघडं गटार, तुटलेली विजेची तार, तर झाडू रस्त्यात आडवा घालायचा आणि त्यावर सुपडी पालथी ठेवायची. सुपडी नसेल तर तो नुसता पडलेला झाडू. सुपडी पालथी असेल तर एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. तो झाडू दुसऱ्या कुणी उचलायचा नाही. ज्याने घातला त्यानेच, आणि त्याला जमण्यासारखं नसेल तर त्याच्या जोडीदाराने. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पहिल्या आठवड्यात जो हे शिकत नाही तो दुसऱ्या आठवड्यात पायाला पट्टी बांधून बसतो.

घड्याळाने पेपर हातात घेतला आणि तिथेच फुटपाथवर बसकण मारली. गल्लीचं तोंड फाटकापासून दोनशे पावलं. तो फोटोतला झाडू दोनशे पावलं लांब होता. म्हणजे हा डब्यापासून इथपर्यंत पळत आला होता. बाहेर पडला होता. आणि सापडला फाटकापाशी.

"काय झालं, ताई?" पेपरवाल्याने विचारलं.

"परत गेला तो," ती म्हणाली. पेपरवाल्याला काही कळलं नाही, पण त्याने तिला पाणी दिलं.

ती तशीच उंटाच्या घरी गेली. दारावरचं डांबर आईने खरवडून काढलं होतं, तरी काळा ओघळ राहिलाच होता. आत म्हातारी मशीनवर बसली होती. पुढ्यात कापड नव्हतं, पाय मात्र पायडल हलवत होते. घड्याळाने एका दमात सगळं सांगितलं: दाढ, बिल्ला, कापूस, ते दोन शब्द, फोटो, झाडू. सांगून झाल्यावर ती मान खाली घालून उभी राहिली. मारलंत तरी चालेल, असं तिला म्हणायचं होतं.

म्हातारीने पायडल थांबवलं. "मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं माझा पोर कसा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

"उद्या सांगते, काकी. सगळ्यांसमोर. तुम्ही याल?"

"दारावर डांबर फासलेल्या घरातनं बाहेर पडून मी त्या गर्दीत येऊ?" म्हातारी म्हणाली, आणि परत पायडल हलवू लागली.

मुकादमाला तिने हजेरीच्या खोलीतच गाठलं. तो आधी चिडला, मग गयावया करायला लागला. तुझी नोकरी जाईल, माझी जाईल, सगळ्यांची जाईल. ती म्हणाली, मुकादम, सहा दिवस मी चाळीस जणांचा विचार केला. आपण चाळीस जण आहोत असं तुम्ही म्हणता, पण सोमवारपासून आपण एकोणचाळीसच आहोत आणि चाळिसाव्याला आपणच बाहेर ढकललंय. मुकादमाने चष्मा पुसायला काढला. पुष्कळ वेळ पुसत होता. बाकीचे चेहरे कोपऱ्यात झाडू निवडायचं सोंग करत ऐकत होते. ती आपला झाडू उचलून बाहेर पडली.

रविवारी दुपारी सगळं शहर रस्त्यावर होतं. कारंज्यावरची फुलं ट्रकमध्ये भरून बाजारगल्लीतून फाटकापाशी न्यायची, तिथल्या भिंतीवर अकरा फोटो लावायचे आणि महापौरांनी अकरा नावं वाचायची, असं ठरलं होतं. आठवडाभर फुलांची राखण झाडूवाल्यांनी केली, म्हणून ट्रकच्या मागे पहिला मान त्यांचा. त्यांच्यामागे गेलेल्यांच्या घरचे, मग शाळेची मुलं, मग साहेबमंडळी, आणि मग पार नदीवरच्या पुलापर्यंत नुसती डोकी. इतकी माणसं असूनही जोडे घासल्याचा आवाज ऐकू येत होता.

बाराचा भोंगा झाला. सगळे उभे राहिले. भोंगा थांबला आणि ट्रक हलला.

घड्याळ नारिंगी जाकिटांच्या रांगेतून बाहेर पडली. ट्रकच्या बाजूने झपझप पुढे गेली. गल्लीच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबापाशी, फोटोतल्या जागेवर तिने आपला झाडू आडवा घातला. त्यावर सुपडी पालथी ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

ट्रकने असा काही ब्रेक मारला की फुलांचा अर्धा ढीग टपावरून पुढच्या काचेवर आला. मागे सगळी नारिंगी जाकिटं जागच्या जागी थांबली. कुणाचा उचललेला पाय तसाच मागे आला. त्यांच्यामागे घरचे थांबले, मुलं थांबली, महापौर मुलांच्या पाठीवर आपटता आपटता वाचले, आणि ते थांबणं एकेका रांगेने मागे मागे सरकत पुलापर्यंत गेलं.

इन्स्पेक्टर बाई पळत पुढे आल्या. काय झालं, का थांबलात, म्हणून त्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरला दटावलं.

"झाडू आडवा आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"मग उचला आणि चला."

"नाही उचलत, बाई. आमच्यात उचलत नाहीत."

बाई काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्यांनी झाडूकडे पाहिलं, सुपडीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. तोच फोटो त्यांच्या टेबलावर आठवडाभर पडून होता. त्यांनी घड्याळाला एक अक्षर विचारलं नाही. त्या नारिंगी रांगेत शिरल्या आणि एका म्हाताऱ्या झाडूवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, याचा अर्थ काय. मग रांगेच्या दुसऱ्या टोकाच्या बाईला. मग नाले साफ करणाऱ्याला, मग मधल्या दोघांना. पाच जण, पाच ठिकाणी, एकमेकांना ऐकू जाणार नाही असे. पाचही जणांनी एकच सांगितलं: पुढे धोका आहे, येऊ नका.

बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "त्या दिवशीचा झाडू कुणाचा होता?" त्यांनी विचारलं.

"माझ्या जोडीदाराचा," घड्याळ म्हणाली. "आणि बिल्ला हरवला नव्हता. मी खोटं बोलले."

बाईंनी महापौरांसाठी ट्रकवर लावलेला माईक काढून तिच्या हातात दिला. आजवर तिने हातात झाडूखेरीज काही धरून चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. तिने तो झाडूच्या दांड्यासारखा दोन्ही हातांनी धरला. सहा दिवस आत अडकलेलं होतं, ते आता थांबणार नव्हतं.

"मी सत्तेचाळीस नंबर," ती म्हणाली. "सोमवारी माझी दाढ दुखत होती, म्हणून माझा बिल्ला लावून तो माझ्या जागी झाडत होता. फाटकाचा डबा नऊ वाजता रिकामा करायचा असतो. ते माझं काम होतं, त्या दिवशी त्याचं. त्याला आधीच कसं माहीत होतं, असं तुम्ही विचारता. डब्यात हात घालतो त्याला माहीत असतं. त्याने पिशवी पाहिली आणि पळाला. इथपर्यंत आला. बघा, फाटक किती लांब आहे. इथून चार पावलं टाकली असती तर तो रस्त्यावर, ट्राम पकडली असती तर घरी. त्याने इथे झाडू आडवा घातला, ट्रकवरची आपली माणसं वाचावीत म्हणून. सुपडी पालथी ठेवली. घाईत असताना माणूस सुपडी पालथी ठेवत नाही हो. त्याने ठेवली. आणि मग तुम्हा सगळ्यांना बाहेर काढायला तो परत आत गेला."

तिने माईक खाली केला.

आधी ड्रायव्हर उतरला. म्हणाला, मी सोमवारी ह्याच जागी असाच ब्रेक मारला होता. पोलिसांना मी सांगितलं की झाडू आडवा होता म्हणून थांबलो, त्यांनी लिहून घेतलं अडथळा होता म्हणून थांबलो. उंटाची सुट्टी, म्हणून मला वाटलं, त्याचा झाडू घेऊन घड्याळानेच घातलाय. त्याच्यामागून शाळेच्या बाई पुढे आल्या. त्या सोमवारी पस्तीस मुलांची रांग घेऊन त्या बाजारातून पोहायच्या तलावाकडे निघाल्या होत्या आणि गल्लीच्या तोंडाशी हा ट्रक आडवा उभा. त्यांनी ड्रायव्हरला वाट्टेल ते सुनावलं होतं. त्यांची ती ओरड चालू असतानाच स्फोट झाला. "पस्तीस," त्या म्हणाल्या, आणि मुलांकडे बोट दाखवलं. मुलं तिथेच होती, पांढऱ्या फुलांच्या जुड्या धरून, सगळीच्या सगळी.

मग पाववाली काकू गर्दीतून वाट काढत आली. एक हात गळ्यात बांधलेला. "मला त्याने ढकललं होतं," ती म्हणाली. "पोलिसांना मीच सांगितलं, ढकललं म्हणून. मागच्या दारातून ढकललं त्याने मला. मी पावांची टोपली सोडत नव्हते, म्हणून शिवी दिली आणि ढकललं. मी ती टोपली घेऊन आत राहिले असते तर आज तिथे बारावा फोटो माझा असता."

आणि मग ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते झालं. मुकादम हजेरीची वही काखेत मारून आला होता. त्याने ती इन्स्पेक्टर बाईंपुढे उघडली, खाडा मांडलेली ओळ दाखवली आणि म्हणाला, ही खाडाखोड माझी. रांगेतला म्हातारा झाडूवाला लगेच म्हणाला, गेल्या महिन्यात माझ्या जागी माझा जोडीदार उभा होता. त्याच्या पलीकडची बाई म्हणाली, नात झाली तेव्हा माझ्याही. एकेक करत सगळ्यांनीच सांगून टाकलं. काढायचं तर सगळ्यांना काढा. महापौरांच्या शेजारचे आयुक्त काही बोलायला गेले, पण त्यांनी मागे पुलापर्यंतच्या डोक्यांकडे पाहिलं आणि विचार बदलला.

इतक्यात गर्दी मधूनच दुभंगली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी माणसं बाजूला होत होती. उंटाची आई येत होती. येणार नाही म्हणालेली म्हातारी सकाळपासून न्हाव्याच्या दुकानामागे उभी होती. एका हातात कापडी पिशवी. ती झाडूपाशी येऊन थांबली आणि पिशवीतून लेकाचा फोटो काढला, चौकटीत बसवलेला, वरती खिळ्यात अडकवायला दोरीसुद्धा बांधलेली. सोमवारपासून तो तिने पिशवीत तयार ठेवला होता. कुणी मागेल, म्हणून.

महापौरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग खिशातलं पेन काढलं आणि म्हातारीला विचारून बारावं नाव लिहिलं. आईने सांगितलेलं ते नाव माईकवरून अख्ख्या शहराने ऐकलं. झाडूवाल्यांनी तर ते पहिल्यांदाच ऐकलं, आजवर उंट म्हणूनच भागलं होतं.

आता फक्त झाडू राहिला होता. सगळे त्याच्या अलीकडे उभे, कुणी ओलांडेना, कारण अर्थ आता साऱ्या शहराला कळला होता. आईने घड्याळाकडे पाहिलं.

"त्याचा झाडू सोमवारपासून आडवाच आहे," म्हातारी म्हणाली. "जोडीदार कोण त्याचा?"

"मी," घड्याळ म्हणाली.

ती वाकली. सुपडी उचलली, झाडू उचलला, आणि खांबाला उलटा टेकवला, काड्या वर. वाट मोकळी झाली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, एकच, लांब, आणि गाडी सोडली. पण ट्रकच्या आधी ती पस्तीस मुलं गल्लीत शिरली, कारण शाळेच्या बाईंनी त्यांना तसं सांगितलं होतं. टाळ्यांना सुरुवात कुणी केली कोण जाणे. शोकसभेत टाळ्या वाजवतात का, असा प्रश्नही कुणाला पडला नाही. माणसं रडत होती, हसत होती आणि टाळ्या वाजवत चालत होती. म्हातारी मधोमध, फोटो छातीशी धरून, ताठ मानेने. एका बाजूने पाववाली काकू, दुसऱ्या बाजूने घड्याळ. ज्यांनी बाँब ठेवला त्यांना शहर भीतीने घरात कोंडायचं होतं. ते शहर त्यांच्या नाकावर टिच्चून त्याच गल्लीतून जात होतं आणि संपता संपत नव्हतं.

घड्याळाला पंधरा दिवस घरी बसवलं. पोलिसांसमोर खोटं बोलल्याबद्दल, आणि ते रास्तच होतं, ती स्वतःच तसं म्हणाली. बाकी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. ते पंधरा दिवस बाजारगल्ली न्हावी, पेपरवाला आणि शाळेच्या बाईंनी मिळून झाडली, आणि देवा रे, काय झाडली. न्हाव्याचे ढीग वाऱ्याने उडत होते. एकदा तर त्याने दमून झाडू रस्त्यात टाकला, वर चुकून सुपडी पडली, आणि कचऱ्याचा ट्रक वीस मिनिटं हलला नाही.

सोळाव्या दिवशी सहाला घड्याळ आपला झाडू घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली, तर डाव्या बाजूला कुणीतरी आधीच झाडत होतं. उंटाची आई. आदल्या संध्याकाळी इन्स्पेक्टर बाईंनी लेकाचा झाडू तिच्या घरी स्वतः आणून दिला होता. निळी दोरी तशीच. म्हातारी जेमतेम घड्याळाच्या खांद्याइतकी, झाडू तिच्या डोक्याच्याही वर गेलेला, काड्या जमिनीला लागायच्या कमी आणि हवेत फिरायच्या जास्त.

"काकी, कापून देऊ का थोडा?" घड्याळाने विचारलं.

"हात लावू नकोस," म्हातारी म्हणाली. "जोड मीच द्यायला लावला होता. जमेल मला. तू तुझी बाजू बघ."

घड्याळाने उजवी बाजू धरली. दोन झाडूंचा आवाज गल्लीत सुरू झाला. एक झपझप, एक अडखळत. समोर पेपरवाल्याने गठ्ठ्याची दोरी सोडता सोडता मान वर केली, दोघींकडे पाहिलं, आणि मनगटावरचं घड्याळ लावलं.